लढाई शिकवायची कुठून? पानिपत, कूत आणि शाळेतला इतिहासाचा तास

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सातवीच्या इतिहासात 'राष्ट्ररक्षक मराठे' हा पाठ आहे, त्यात पानिपत येतं. बहुतेक शाळांत ते दोन तासांत उरकतं. कारणं, घटना, परिणाम, स्वाध्याय. १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाठ होते, विश्वासरावांना गोळी लागली एवढं डोक्यात राहतं आणि परीक्षेत पराभवाची चार कारणं लिहून मुलं मोकळी होतात. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. बरीच वर्षं शिकवून माझं एक मत पक्कं झालंय, ते इथं मांडते. लढाई शिकवताना आपण थेट रणांगणावर जाऊन उभे राहतो. सुरुवात रसदेपासून, पगारापासून आणि ज्या गावातून माणूस निघाला त्या गावापासून केली पाहिजे.

पानिपतचंच घ्या. मार्च १७६० मध्ये फौज परतूडहून निघाली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामा होता. लालकिल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून भाऊसाहेबांना फौजेचा खर्च भागवावा लागला. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा धान्याचे मोठे साठे मिळाले, जरा दम आला. पण फौज तिकडं गुंतलेली असतानाच अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेचा रस्ता तुटला. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपतात समोरासमोर. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातून, पैसा आणि रसद पोचवायची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, तेही डिसेंबरात मारले गेले. भाऊसाहेबांनी गोविंदपंतांना पाठवलेली पत्रं इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात छापली. ती एका बैठकीत वाचून बघा. पत्रामागून पत्र एकच तगादा आहे, पैसा पाठवा, रसद पाठवा.

वर्गात मी हे असं करते. यमुना म्हणून फरशीवर दोरी टाकायची. दिल्ली, बागपत, पानिपत, कुंजपुरा अशा पाट्या मुलांच्या हातात. मग विचारायचं, एका जनावराला रोज किती वैरण लागते? याचं उत्तर माझ्या वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. बैलाचं वेगळं, दुभत्या म्हशीचं वेगळं, थंडीत किती वाढतं तेही सांगतात. मग घोडे, बैल, उंट, हत्ती धरून आम्ही फळ्यावर गुणाकार करत जातो. आकडा फळ्यात मावेनासा झाला की वर्ग गप्प होतो. पराभवाचं चार नंबरचं कारण 'रसद तुटली' असं पुस्तकात वाचणं निराळं आणि हा आकडा स्वतः काढणं निराळं.

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, जेवायला नव्हतं तर बायकापोरं बरोबर नेलीच कशाला?" माझ्या दृष्टीनं पानिपतावरचा हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. सरदारांची कुटुंबं होती. काशी, कुरुक्षेत्राची यात्रा फौजेच्या आसऱ्यानं सुखरूप होईल म्हणून निघालेले यात्रेकरू होते. बाजार होता, कारागीर होते. नाना फडणीस स्वतः आई आणि पत्नीसह गेले होते. तेव्हा त्यांचं वय अठरा. आपल्या बारावीच्या मुलाएवढा पोरगा. आई गेली, ते कसेबसे जीव वाचवून परतले आणि पुढं ते सगळं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ज्या 'साडेतीन शहाण्यां'पैकी एक म्हणून त्यांना पुढच्या पाठात भेटायचं, तो माणूस हे बघून आलेला आहे, हे मुलांना सांगितलं की उत्तर पेशवाईसुद्धा वेगळी दिसायला लागते.

दुसरी गोष्ट पहिल्या महायुद्धाची. आमच्या भागात कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी आहे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नावं नाहीत. मुलं रोज त्या भिंतीला टेकून डबा खातात. राज्य मंडळाच्या पुस्तकात महायुद्ध येतं ते नववीला, राज्यशास्त्राच्या पहिल्या पाठात, पुढच्या जगाची प्रस्तावना म्हणून. ती फरशी आणि तो पाठ यांची गाठ कोणी घालून देत नाही.

तुम्हाला शाळेत लढाया कशा शिकवल्या? आणि जे बाहेरगावी, परदेशी आहेत त्यांच्या मुलांना कशा शिकवतात? लिहा, मला वर्गात वापरायचं आहे.

गडवाट

बाई, धागा आवडला, पण एका ठिकाणी माझा विरोध नोंदवतो. चौथीत शिवछत्रपती वाचले नसते तर मी आयुष्यात एकही गड चढलो नसतो. प्रतापगड, लाल महाल, पावनखिंड हे वाचताना अंगावर काटा आला म्हणून इतिहासाची गोडी लागली. दहा वर्षांच्या मुलासमोर आधी वैरणीचा हिशेब मांडला तर ही ठिणगी पडेल का? हल्ली शौर्याबद्दल बोलायचं म्हटलं की लोक संकोचतात, ते मला पटत नाही. मुरारबाजी पडले ते शौर्यच होतं, आणि ते मुलांना ताठ मानेनं सांगितलं पाहिजे.

मात्र हेही सांगतो की त्याच चौथीच्या पुस्तकानं आम्हाला पुरंदरचा तह शिकवला. २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला, हे आमच्या गुरुजींनी लपवलं नाही. उलट कोणकोणते किल्ले गेले ते नकाशावर खुणा करून दाखवलं. महाराजांबद्दलचा आदर त्यानं तसूभरही कमी झाला नाही. म्हणजे मुलांना हार झेपते. आपणच उगीच घाबरतो.

आणि रसदेचंच म्हणाल तर तुमच्या मुद्द्याला सगळ्यात मोठा आधार महाराजांचाच आहे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र वर्गात वाचाच. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण आत्ताच संपवलं तर पुढं घोडी मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरून दाणा, गवत, भाजी ओढून आणतील आणि त्या कुणब्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच नकोसे व्हाल, असं त्यात बजावलं आहे. चुली, आगट्या पेटत्या ठेवू नका, दिवा जळत ठेवून झोपू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, इथपर्यंत. छत्रपती होणारा माणूस उंदरानं नेलेल्या वातीचा विचार करतोय! मला त्या पत्रात जितका थोर राजा दिसतो तितका कुठल्या पोवाड्यातही दिसत नाही.

कृष्णाकाठ

@गडवाट, तुमचं पत्र मी उद्याच्या टाचणात घेतलं. शौर्याला माझा विरोध नाही. उपाशी फौज १४ तारखेला सकाळी गोल बांधून बाहेर पडली आणि दुपारपर्यंत अब्दालीला जड गेली, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी समोरची फळी फोडली, हे वैरणीचा हिशेब करून झाल्यावर सांगितलं की मुलांना त्या शौर्याची किंमत कळते. आधी नुसतं सांगितलं तर सिनेमातली मारामारी आणि ही यांत त्यांना फरक वाटत नाही.

स्प्रेकाठची

बर्लिनहून लिहितेय. माझी मुलगी इथल्या शाळेत नववीत आहे, त्यामुळे गेलं वर्षभर घरात हाच विषय.

इथं फुटपाथवर जागोजागी दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात. त्या घरातून ज्यांना नाझी काळात उचलून नेलं त्यांचं नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं मारलं, एवढंच कोरलेलं. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकारानं १९९२ साली हे काम सुरू केलं. मुलीच्या वर्गाला शाळेच्या रस्त्यावरची अशी काही घरं वाटून दिली होती. तिच्या गटाला एक शिंपी, त्याची बायको आणि दोन मुलं. जुन्या पत्त्यांच्या वह्या, जप्तीची यादी, शाळेचा हजेरीपट धुंडाळत ही पोरं फिरली. जप्तीच्या यादीत शिवणयंत्र, दोन खुर्च्या, पडदे आणि मुलांची ढकलगाडी लिहिली होती. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, पडद्यांचीसुद्धा किंमत लावली होती." नोव्हेंबरच्या ९ तारखेला, १९३८ साली ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांच्या स्मरणदिनी, ही मुलं ते पितळ घासून लख्ख करतात. साक्सनहाउझनच्या छळछावणीची भेट त्यानंतर झाली, तयारी झाल्यावर.

मला आश्चर्य वाटलं ते शिक्षिकेच्या वागण्याचं. तिनं एकदाही मुलांना रडवायचा प्रयत्न केला नाही. पालकसभेत विचारलं तर तिनं बॉयटल्सबाखचं नाव घेतलं. १९७६ साली त्या गावात राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांची बैठक झाली आणि तीन गोष्टींवर एकमत झालं. शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादून त्यांना दडपून टाकायचं नाही. जे विद्वानांत आणि राजकारणात वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला त्या परिस्थितीत स्वतःचं हित कशात आहे ते ओळखता आलं पाहिजे. इथले शिक्षक अजून याच चौकटीचा आधार घेतात. मला वाटतं आपल्याकडे पहिलं कलम सगळ्यात अवघड जाईल. आपल्या वर्गांत लढाई शिकवताना शिक्षकाचा आवाज चढतोच.

सगळं आलबेल आहे असंही नाही. आफ्रिकेत जर्मनांनी १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, त्यावर मुलीच्या वर्गात अगदी थोडं झालं. स्वतःच्या घराजवळचं दुःख शिकवायला हा देश शिकला, दूरच्या वसाहतीतलं शिकवायला अजून वेळ लागतोय.

धागाकर्तीच्या फरशीशी जोडलेली एक माहिती देते. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फला पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी युद्धकैद्यांची छावणी होती. जवळच त्सेरेन्सडॉर्फला त्यांची दफनभूमी आहे, २०६ जणांची. जर्मन भाषातज्ज्ञांनी त्या कैद्यांकडून त्यांच्या भाषांत गोष्टी, गाणी म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित केली, ती इथल्या हुम्बोल्ट विद्यापीठात जपून ठेवली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराचा आवाज! मुलीला घेऊन गेले होते. तिच्या शिक्षिकेला ही जागा माहीत नव्हती, आता तिनं पुढच्या वर्षीच्या सहलीत घेतली आहे.

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून निवृत्त झालो, सध्या गावी शेती बघतो. बाईंनी फरशीचा विषय काढला म्हणून लिहितो.

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' का म्हणतात ते तुमच्या मुलांना माहीत असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. आपल्याकडचे बरेच लोक तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. सहावी पुणे डिव्हिजन. त्यात आमच्या रेजिमेंटच्या जुन्या पलटणी होत्या, १०३ मराठा, ११० मराठा, ११७ मराठा. बगदादकडे गेलेली ही डिव्हिजन मागं हटून तायग्रिसकाठच्या कूत गावात थांबली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली. मधले जवळजवळ पाच महिने काय झालं ते बाईंच्या पानिपतासारखंच आहे. रेशन कमी होत गेलं. घोडे कापायला लागले. आपल्या जवानांनी धर्मापायी घोड्याचं मांस बरेच दिवस नाकारलं, भाजीपाला नाही, त्यामुळे स्कर्व्हीनं माणसं खंगली. शरणागतीनंतर वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रेल्वेच्या कामावर जुंपलं. किती परतले नाहीत याची गावागावांत आठवणसुद्धा राहिली नाही.

इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांवर लोकांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. गावच्या फरशीवरही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. हे मुलांना जरूर सांगा. नावं पाहिजे असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटण आणि गाव घालून शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग वाकडंतिकडं असतं, धीर धरावा लागतो. 'सातारा' तीन-चार प्रकारे लिहून बघा.

आता स्वतःचं. मी उंचावरच्या चौक्यांवर होतो. शाळेत बोलावतात तेव्हा पोरं एकच विचारतात, किती मारले? मी सांगतो, बाळांनो, भात शिजायचा नाही. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण तांदूळ कच्चा राहतो, म्हणून लंगरमध्ये कुकर लागतो, कुकरला रॉकेल लागतं, रॉकेल पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरनं येतं, आणि हवा बिघडली की येत नाही. एक कॅन वर चढवायला किती माणसं लागतात ते सांगितलं की पोरं गप्प ऐकतात. आणि घरी दर महिन्याला जाणारी मनीऑर्डर. माझ्या वडिलांनी त्या पैशावर विहीर बांधली, बहिणीचं लग्न केलं. देशाबद्दल प्रेम होतंच, आहेच. पण भरतीच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा डोळ्यासमोर विहीर होती. हे सांगितल्यानं माझ्या वर्दीची शान कमी होत नाही.

माळरान

सुभेदार साहेब, सलाम. शेवटच्या परिच्छेदाला धरून मला बोलायचंय.

मी पुण्यात शिकलो. दर १ जानेवारीला घरची सगळी माणसं भीमा कोरेगावला जायची, मीही जायचो. आणि २ तारखेला शाळेत त्याबद्दल एक अक्षरही कोणी काढायचं नाही. इतिहासाच्या तासाला पेशवाईचा शेवट १८१८ ला झाला, पुढचा पाठ. कोरेगावला १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्मारकस्तंभ आहे, त्यावर ४९ नावं आहेत, त्यातली २२ महार शिपायांची, नावाच्या शेवटी 'नाक' असलेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले होते. शाळेनं मौन धरलं म्हणून पोरांच्या डोक्यातला तो इतिहास पुसला जात नाही. तो घरून येतो, रस्त्यावरून येतो, आता मोबाइलवरून येतो, आणि ज्याच्या त्याच्या गटात ज्याचा त्याचा वेगळा येतो. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना तो एकत्र बसून वाचायची एकमेव जागा वर्ग होती.

पेशव्यांच्या विरुद्ध, कंपनीच्या बाजूनं ही माणसं का लढली? हा प्रश्न वर्गात विचारायला हवा. पगार, अस्पृश्यतेच्या जाचात हातात आलेलं हत्यार आणि हुद्दा, दोन्ही बाजूंना असलेली सरमिसळ, सगळं आलं पाहिजे. पुढची गोष्ट तर कोणालाच सांगितली जात नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली अर्ज केले, आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या. १९१७ ला महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ ला, बेळगावात. लढाईवर जाण्याचा हक्क मिळावा म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करत होती. सैन्यात कोण जातं, कोणाला घेतात, कोणाला नाकारतात, हे कळल्याशिवाय लढाईचा इतिहास कळला असं मी मानत नाही.

@स्प्रेकाठची, तुमच्या तीन कलमांतलं दुसरं आम्हाला हवंय. वादाचं आहे ते वादाचं म्हणून मांडा. झाकू नका.

गडवाट

@माळरान, कोरेगावच्या लढाईबद्दल तुमची-माझी मतं काही बाबतींत जुळणार नाहीत. पण ती वर्गात आली पाहिजे, अस्सल कागदांसह आली पाहिजे, याला माझा पूर्ण पाठिंबा.

वाळूघड्याळ

शारजाहून. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लाहोरचं कुटुंब आहे, त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एकत्र क्रिकेट खेळतात. दोघांच्या शाळा वेगळ्या, त्याची पाकिस्तानी, ह्याची सीबीएसई. त्याच्याकडे ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन, कारण १९६५ ला त्या दिवशी भारतानं लाहोरवर हल्ला केला आणि तो परतवला. माझ्या मुलाला माहीत आहे ते असं की पाकिस्ताननं आधी काश्मिरात घुसखोर पाठवले आणि आपण लाहोरची आघाडी उघडली. म्हणजे एकाची गोष्ट ऑगस्टात सुरू होते, दुसऱ्याची सप्टेंबरात. एके दिवशी जिन्यात दोघांची चांगलीच जुंपली. आम्ही दोन्ही बापांनी त्यांना बसवून तारखा एका कागदावर उतरवायला लावल्या. ऑगस्टातली घुसखोरी, १ सप्टेंबरचा काश्मिरातल्या छांबवरचा पाकिस्तानी हल्ला, ६ सप्टेंबर, २३ सप्टेंबरची शस्त्रसंधी, १० जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार. कागद एकच झाला. मतं दोनच राहिली, पण 'आधी कोणी' यावरचं भांडण मात्र संपलं, कारण क्रम समोर होता.

फ्रान्स आणि जर्मनीनं मिळून इतिहासाचं एकच पुस्तक काढलं असं ऐकून होतो. स्प्रेकाठची, खरं का?

स्प्रेकाठची

खरं आहे. २००३ साली दोन्ही देशांच्या तरुणांच्या संसदेनं ती मागणी केली आणि २००६ ला पहिला भाग निघाला, मजकूर तोच, भाषा दोन. पुढं आणखी दोन भाग आले. सगळ्या शाळा ते वापरतात असं मुळीच नाही, मुलीच्या शाळेत नाहीये. पण लेखक एकत्र बसले आणि प्रत्येक वाक्यावर भांडले, हेच मोठं काम झालं. तुमच्या जिन्यातल्या कागदासारखंच.

खडूफळा

मीही शिक्षक, मराठवाड्यात. सगळं पटतंय, पण कोणी तासांचं बोलत नाहीये म्हणून लिहितो. इतिहासाला आठवड्याचे तास मोजके. त्यातले काही सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं यांत जातात. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून ४० गुण, त्यामुळे पालकही म्हणतात, गणित-विज्ञान बघा सर. अशा वेळी दोरी टाकून यमुना करायला हुरूप लागतो आणि मुख्याध्यापकांची साथ लागते. कृष्णाकाठ बाईंकडे दोन्ही असेल, सगळीकडे नसतं.

बदल प्रश्नपत्रिकेतून आला तरच टिकेल असं माझं मत. दहावीला 'उतारा वाचून उत्तरे लिहा' हा प्रश्न आहेच. पण उत्तर त्याच उताऱ्यातलं वाक्य उचलून लिहिता येतं. तिथं भाऊसाहेबांच्या पत्राचा तुकडा द्या आणि विचारा, लिहिणाऱ्याला कशाची चिंता आहे? हे पत्र कोणाच्या हाती पडू नये असं त्याला वाटत असेल? एवढं केलं तरी शिकवणीवालेसुद्धा पत्रं वाचायला लावतील. आपल्याकडे परीक्षेत जे येतं तेच शिकवलं जातं, त्याला इलाज नाही, मग त्याचाच उपयोग करून घ्यावा.

दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास असे धडे आले तेव्हा मला फार आशा वाटली होती. साधनं कशी तपासायची हे त्यात आहे. पण मुलं तेही पाठ करतात, कारण तपासायला हातात एकही साधन दिलेलं नाही.

अकरावी_कला

मी विद्यार्थिनी आहे, इथं लिहिलं तर चालेल ना? आमच्या दहावीला मला इतिहासात पैकीच्या जवळ मार्क होते. पण कूत हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. माझ्या पणजोबांचे भाऊ 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' असं आजी म्हणायची. मला वाटायचं बसरा हे महाराष्ट्रातलंच कुठलं तरी गाव असेल, नोकरीला गेले असतील. आता तिला विचारायला ती नाही. आईकडून त्यांचं पूर्ण नाव आणि गाव मिळालंय. सुभेदार काका, पलटण माहीत नसेल तर शोधता येतं का?

सुभेदार_निवृत्त

येतं बेटा, पण नावं खूप निघतील. नाव, वडिलांचं नाव आणि गाव असं तिन्ही जुळवावं लागतं. नोंदीत बहुतेक वेळा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका' असं दिलेलं असतं. मला वैयक्तिक निरोपात नाव कळव, इथं उघड्यावर टाकू नकोस. सापडले तर चांगलंच. नाही सापडले तर बेळगावला रेजिमेंटल सेंटरला पत्र कसं लिहायचं ते सांगतो.

नदीष्ट

रायगडमधल्या मंडळींसाठी भर घालतो. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आम्ही त्या पुतळ्यासमोरून एसटीनं शाळेत जायचो. ते इटलीत कशाला गेले होते, कोणाशी लढत होते, आणि त्याच काळात इथं 'चले जाव' चालू होतं ते कसं, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. एकाच गावात एक भाऊ तुरुंगात आणि दुसरा फौजेत अशी घरं होती. आठवीला स्वातंत्र्यलढा शिकवताना हे दोन्ही एका तासात घेता येईल. मुलांना बाजू निवडायला लावू नका, दोन्ही भावांच्या बाजूनं घरी पत्र लिहायला सांगा.

कृष्णाकाठ

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता काय करणार ते सांगते.

@खडूफळा, तासांची अडचण मलाही आहेच. म्हणून जादा काही न घेता आहे त्याच दोन तासांची फोड बदलते. पहिला तास पूर्ण रसद आणि पत्रं, दुसऱ्या तासात रणांगण आणि परिणाम. कारणं मुलांनी स्वतः काढायची. गेल्या दोन वर्षांचा अनुभव असा की उत्तरपत्रिकेत कारणं तीच येतात, पण क्रम मुलांचा स्वतःचा असतो आणि का ते सांगता येतं. तुमचा पत्राचा प्रश्न मी घटक चाचणीत घालतेय. चार-पाच पत्रांचे उतारे सोप्या मराठी टिपांसह टंकून इथं टाकीन. मोडीतून आलेली जुनी भाषा सातवीला जड जाते, टिपा लागतातच. ज्यांना वापरायचे त्यांनी खुशाल वापरा.

@माळरान, कोरेगाव मी आठवीला घेते, एका तासात. दोन वर्षांपूर्वी एका पालकांनी आक्षेप घेतला होता, तेव्हा त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसायला बोलावलं. बसले, शेवटी स्तंभावरच्या नावांबद्दल त्यांनीच दोन प्रश्न विचारले. वलंगकर आणि कांबळ्यांच्या अर्जांचा भाग माझ्या तासात नव्हता, तो यंदापासून घेणार. तुमच्याकडे अर्जाचा मजकूर असेल तर द्या.

@नदीष्ट, दोन भावांची पत्रं आठवीला देते, मुलांची परवानगी घेऊन काही इथं आणीन.

@सुभेदार_निवृत्त, साहेब, एक विनंती. आमच्या शाळेच्या भिंतीतल्या फरशीवरचा आकडा मुलांनी वहीत उतरवून ठेवलाय, नावं एकही नाहीत. दहा-बारा मुलांचा गट करून तुमच्या पद्धतीनं शोध घ्यायचा विचार आहे. संगणक कक्ष शनिवारी सकाळी मोकळा असतो. येऊन पहिला तास घ्याल का? कुकर आणि रॉकेलची गोष्टसुद्धा सांगायची.

सुभेदार_निवृत्त

येतो की. फक्त दिवाळीनंतरचा शनिवार ठेवा, तोवर भाताची कापणी आहे. आणि मुलांना आधी एक काम द्या. घरोघरी जाऊन विचारायचं, कोणाच्या घरी जुनं पदक, पेन्शनचा कागद, फोटो, पेटी आहे का. गावातलं आडनाव आणि वाडी कळली की संगणकावर निम्मं काम होतं. पदकाच्या कडेला बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर आणि पलटण कोरलेली असते. लोकांना ते माहीत नसतं, भिंग घेऊन जा.

अकरावी_कला

काका, निरोप पाठवलाय. आणि आईला पदकाचं विचारलं, ती म्हणते मामाकडे एक पेटी आहे. रविवारी जाऊन कड बघते आणि नंबर कळवते.